रॅफल्स प्लेसखाली पसरलेली टेकडी

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस स्थानकातून वर आले की समोर एक सपाट चौक लागतो. चौकाभोवती बँकांच्या काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्या तीन २८० मीटर उंच आहेत: वन रॅफल्स प्लेस, यूओबी प्लाझा आणि रिपब्लिक प्लाझा. मुंबई-पुण्याहून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मराठी मंडळी रोज सकाळी या चौकातून आपल्या कचेऱ्यांकडे जातात. दोनशे वर्षांपूर्वी याच जागी एक छोटी टेकडी होती आणि तिच्या पायथ्याशी, नदीच्या कडेने, भरतीच्या पाण्यात बुडणारी दलदल होती. १८२२-२३ मध्ये टेकडी कापून तिची माती दलदलीत टाकली गेली. चौक आणि शेजारचा बोट की हा नदीकाठ त्यातून तयार झाला. म्हणजे ती टेकडी नाहीशी झालेली नाही, ती आडवी पसरून लोकांच्या पायांखाली आहे. मात्र तिचे नाव आज कोणत्याही नकाशावर नाही.

टेकडी ही दगडमातीची रास असते, तशीच ती माणसांच्या आठवणींचीही जागा असते. या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या आहेत: सिंगापूर नदीच्या मुखाशी असलेल्या टेकड्या कशा घडल्या, त्यांच्यावर कोणाचा जीव होता, आणि त्या कापल्या गेल्या तेव्हा नेमके काय गेले.

ज्वालामुखींच्या राखेपासून सुरुवात

आज सिंगापुरात एकही ज्वालामुखी नाही. शेजारच्या सुमात्रा आणि जावा बेटांवर मात्र जागृत ज्वालामुखींची रांगच आहे. ही परिस्थिती कायमची नव्हे. सुमारे २३ ते २४ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळात, ज्वालामुखींची अशीच एक रांग आजच्या मलाया द्वीपकल्पाच्या जागी होती. एका प्राचीन महासागराचा तळ खंडाच्या कडेखाली सरकत होता. तो खोल गेला की वरचा खडक अंशतः वितळे आणि शिलारस वर चढे. त्यातला काही ज्वालामुखींतून बाहेर पडला, बराचसा जमिनीखालीच सावकाश थंड झाला. खाली थंड झालेल्या शिलारसाचा ग्रॅनाइट बनला. सिंगापूरचे सर्वांत उंच ठिकाण बुकित तिमाह, उंची सुमारे १६४ मीटर, याच ग्रॅनाइटचे आहे. मूळ ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांच्या पावसाने झिजून गेले आणि त्यांच्या पोटातला खडक तेवढा उघडा पडला.

याच काळात ज्वालामुखींच्या कुशीतल्या उथळ समुद्रात आणि नद्यांच्या मुखांशी वाळू, चिखल आणि राख साचत होती. तिचे थरावर थर बसून गाळाचे खडक झाले. बेटाच्या पश्चिम आणि दक्षिण भागात सापडणाऱ्या या खडकांना भूशास्त्रज्ञ जुराँगच्या नावाने ओळखतात. त्यांत वालुकाश्म आहे, पंकाश्म आहे आणि ज्वालामुखीच्या राखेचे थरही आहेत. पुढे भूकवचाच्या दाबाने हे थर वाकले, मोडले, वर उचलले गेले. नदीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांची ही पूर्वपीठिका. त्या ज्वालामुखी नव्हेत, पण त्यांच्या खडकांत ज्वालामुखीची राख मिसळलेली आहे.

रॅफल्स प्लेसच्या परिसरात जमिनीखाली आणखी एक वेगळा थर आहे. फोर्ट कॅनिंग बोल्डर बेड हे त्याचे नाव. लाल-पांढऱ्या घट्ट चिकणमातीत अतिशय कठीण वालुकाश्माचे लहान-मोठे धोंडे रुतलेले, अशी त्याची घडण आहे. गुळात शेंगदाणे पकडून बसलेली चिक्की डोळ्यांसमोर आणावी; फक्त इथला एखादा शेंगदाणा मोटारीएवढा असू शकतो. उंच उतारावरून दगडमाती घसरून पायथ्याशी साचली आणि त्यातून हा थर बनला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे आपल्या टेकडीच्या आधीही इथे मोठे चढउतार होते आणि ते निसर्गाने आपल्या हातांनी खाली आणले होते.

१९८० च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी शहराच्या मध्यभागी खोदकाम सुरू झाले तेव्हा या थराने अभियंत्यांची कसोटी पाहिली. मऊ मातीसाठी एक प्रकारचे यंत्र लागते, कठीण खडकासाठी दुसरे. इथे दोन्ही एकाच हातभर अंतरात भेटत होते. रॅफल्स प्लेस स्थानक डिसेंबर १९८७ मध्ये सुरू झाले. त्याच्या भोवतीचे उंच मनोरेही याच घट्ट थराच्या आधाराने उभे आहेत, कारण त्याच्या वर नदीकाठाला जी माती आहे ती भार सोसणारी नाही.

ही वरची माती तुलनेने अगदी अलीकडची आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा सिंगापूर बेट नव्हते. सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि आशियाची मुख्य भूमी सलग होती. हिम वितळले, पाणी चढत आले आणि जुन्या दऱ्यांमध्ये समुद्री चिखल भरला. त्या मऊ, करड्या चिखलावर कांदळवन वाढले. टेकडीच्या पायथ्याची दलदल ती हीच.

टेकड्यांची माणसे

या नदीमुखाचे पहिले धनी होते ओरांग लाऊत, म्हणजे दर्यावर्दी लोक. होडी हेच त्यांचे घर होते. मासेमारी, कांदळवनातली वाट काढणे, सामुद्रधुनीतले प्रवाह आणि खडक ओळखणे हे त्यांचे ज्ञान. मलय राजांचे आरमार त्यांच्याच बळावर चालत असे. नदीच्या मुखाशी पाण्यात उभ्या असलेल्या एका टोकदार खडकाला ते बातू कपाला तोडाक म्हणत. तोडाक हा लांब, अणकुचीदार चोचीचा मासा. त्या खडकात शक्ती वास करते असे मानून ते तिथे निशाणे लावत आणि नैवेद्य ठेवत. कोकणच्या किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाशी असलेल्या देवाला नारळ देऊन होडी लोटणाऱ्यांना यात काही परके वाटणार नाही.

नदीच्या उत्तरेला जी टेकडी आज फोर्ट कॅनिंग म्हणून ओळखली जाते तिला मलय लोक बुकित लारांगान म्हणत, म्हणजे निषिद्ध टेकडी. चौदाव्या शतकात तिच्यावर राजांचे निवासस्थान होते. तिच्या पश्चिम उतारावर एक झरा होता आणि राजघराण्यातल्या स्त्रिया तिथे स्नान करत असे परंपरा सांगते. वांग दायुआन हा चिनी प्रवासी १३४९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात या भागातल्या बानत्सू नावाच्या वस्तीचे वर्णन करतो. ती वस्ती याच टेकडीवरची असे अभ्यासक मानतात.

'सजाराह मलायू' या मलय इतिहासग्रंथातल्या कथा या जमिनीला घट्ट चिकटलेल्या आहेत. त्यांपैकी दोन इथे सांगायलाच हव्यात.

पहिली बादांगची. बादांग हा अफाट ताकदीचा वीर. कलिंगाच्या, म्हणजे आपल्या भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, राजाने आपला मल्ल त्याच्याशी सामना करायला पाठवला. राजवाड्यासमोर पडलेली प्रचंड शिळा उचलायची अशी पैज लागली. कलिंगाच्या मल्लाने ती गुडघ्यापर्यंत उचलली. बादांगने ती उचलून नदीच्या मुखाशी भिरकावली. बादांग मरण पावल्यावर त्याच्या थडग्यासाठी कलिंगाच्या राजाने दगडी खांब पाठवले असेही ग्रंथ सांगतो.

दुसरी कथा तांबड्या टेकडीची. तोडाक माशांचे थवे किनाऱ्यावर उड्या मारून माणसांना भोसकू लागले. राजाने सैनिकांना पायांची भिंत करायला लावली आणि माणसे मरत राहिली. तेव्हा एका मुलाने सुचवले की केळीच्या खांबांचे कुंपण घाला. मासे खांबांत चोची रुतून अडकले आणि संकट टळले. पण इतका हुशार मुलगा मोठा झाल्यावर राज्याला धोका ठरेल या भीतीने राजाने त्याला मारवले. त्याच्या रक्ताने टेकडी लाल झाली, म्हणून तिचे नाव बुकित मेराह. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. उष्ण, पावसाळी हवेत खडक कुजतो, विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात आणि लोहाची ऑक्साइडे मागे राहतात. त्यामुळे माती तांबडी होते. रत्नागिरीचा जांभा याच प्रक्रियेने घडला. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी हवीत. मातीचा रंग लोहाने आला. त्या रंगाकडे बघताना अन्यायी राजाची आठवण ठेवायची, हे मात्र लोकांनी ठरवले.

टेकडी कापली जाते

स्टॅम्फर्ड रॅफल्स जानेवारी १८१९ च्या अखेरीस नदीच्या मुखाशी उतरला. ६ फेब्रुवारीला त्याने सुलतान हुसेन आणि तेमेंगाँग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून ईस्ट इंडिया कंपनीची वखार उभारली. निषिद्ध टेकडीवर चढायला स्थानिक मलय लोक धजत नव्हते. वरून राजांच्या काळातल्या नगाऱ्यांचे आवाज येतात, असा त्यांचा समज होता. कंपनीचा अधिकारी विल्यम फार्कर याने मलाक्काची माणसे घेऊन वर तोफ चढवली आणि ध्वज उभारला. फेब्रुवारी १८२२ मध्ये जॉन क्रॉफर्डने तिथे विटांचे पाये, जुनी फळझाडे, मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि चिनी नाणी पाहिली. म्हणजे लोकांच्या सांगण्याला जमिनीतला पुरावा होता. १९२८ मध्ये याच टेकडीवर जलाशयाचे काम चालू असताना जुने सोन्याचे दागिने सापडले आणि १९८४ पासून पुरातत्त्वज्ञ जॉन मिक्सिक यांनी केलेल्या उत्खननांनी चौदाव्या शतकातली वस्ती पक्की सिद्ध केली.

रॅफल्स ऑक्टोबर १८२२ मध्ये बेंकूलनहून परतला तेव्हा व्यापाऱ्यांनी नदीच्या उत्तरेकडची कोरडी जमीन व्यापली होती. ती त्याला सरकारी इमारतींसाठी हवी होती. व्यापारासाठी त्याने दक्षिणेचा काठ निवडला. तिथे बोटी लागायला सोय होती, पण जमीन दलदलीची होती. उपाय जवळच उभा होता. टेकडी कापायची आणि दलदल भरायची.

या कामाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मुन्शी अब्दुल्ला यांनी केले आहे. ते रॅफल्सचे मलय भाषेचे लेखनिक, मलाक्कात जन्मलेले. त्यांचे 'हिकायत अब्दुल्ला' हे आत्मवृत्त १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-तीनशे मजूर कुदळी-फावडी घेऊन राबत होते. त्यांत चिनी होते, मलय होते, हिंदी होते. रोजी माणशी एक रुपया. कोणी खणत होते, कोणी माती वाहत होते, आणि संध्याकाळी पैशांच्या थैल्या आणून मजुरी चुकती केली जात असे. तीन-चार महिन्यांत काम संपले. यंत्र नव्हते. उष्ण प्रदेशात कुजून मऊ झालेला खडक कुदळीने फुटतो, म्हणून हे इतक्या झपाट्याने होऊ शकले.

सपाट झालेल्या जागेला कमर्शियल स्क्वेअर नाव मिळाले. १८५८ मध्ये त्याचे रॅफल्स प्लेस झाले. चौकाभोवती पेढ्या, गोदामे, पुढे मोठी दुकाने आणि बँका आल्या. ज्यांच्या हातांनी माती वाहिली त्यांचे नाव कोणत्याही रस्त्याला नाही. पुढे १८२५ पासून हिंदुस्थानातून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी इथे आणले जाऊ लागले. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. सिंगापूरचे जुने रस्ते, पूल आणि सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल यांच्यामागे त्यांचे श्रम आहेत. मराठी वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या शहराशी आपले नाते संगणकाच्या नोकऱ्यांपेक्षा बरेच जुने आहे.

सुरुंगाने उडवलेली शिळा

टेकडी गेली त्याची भरपाई चौकाने झाली असे म्हणता येईल. शिळेच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

नदीच्या मुखाशी वालुकाश्माची एक शिळा दुभंगलेली उभी होती. उंची सुमारे तीन मीटर, लांबीही तेवढीच. आतल्या बाजूवर सुमारे ५० ओळींचा लेख कोरलेला होता. बादांगने फेकली ती हीच, असे लोक सांगत. १८१९ मध्ये झाडी साफ करताना ती इंग्रजांच्या नजरेस पडली. खुद्द रॅफल्सने लेख वाचण्याचा प्रयत्न केला. १८३७ मध्ये डॉक्टर विल्यम ब्लँड यांनी अक्षरांची नक्कल काढली आणि ती कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांनी प्रसिद्ध केली. ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणारे ते हेच प्रिन्सेप. तरीही लेख उलगडला नाही. लिपी जुनी जावाई वळणाची दिसते. भाषा जुनी जावाई किंवा संस्कृत असावी असे तर्क झाले.

१८४३ मध्ये नदीमुखाशी बांधकामासाठी जागा हवी म्हणून वसाहतीच्या अभियंत्याने ही शिळा सुरुंग लावून उडवली. कर्नल जेम्स लो यांनी काही तुकडे वाचवून कोलकात्याच्या संग्रहालयाकडे पाठवले. त्यांतला एक नंतर सिंगापूरला परत आला आणि आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सिंगापूरचा सर्वांत जुना लिखित शब्द म्हणून शाळकरी मुले आज तो तुकडा बघतात. सगळी शिळा उभी असती तर आणखी नमुन्यांशी ताडून तो लेख वाचण्याची शक्यता राहिली असती. एका दुपारच्या कामाने ती कायमची संपली. अज्ञानापेक्षा घाई जास्त नुकसान करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

ऑकलंड आणि अंधेरी

टेकड्या कापण्याची वृत्ती सिंगापूरपुरती नव्हती. न्यूझीलंडमधले ऑकलंड शहर पन्नासहून अधिक लहान ज्वालामुखींवर वसले आहे. माओरी लोकांनी तिथल्या शंकूंच्या उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची तटबंद गावे बांधली आणि रताळ्यांसाठी पेवे खणली. माउंगाव्हाऊ ही त्यांतली एक टेकडी, उंची १९६ मीटर, वय सुमारे २८,००० वर्षे. तिच्या माथ्यावरचे विवर हे भूगर्भातल्या शक्तींचा स्वामी माताआहो याचे पात्र आहे असे माओरी मानतात आणि ते पवित्र ठेवतात. शेजारच्या रांगितोतो बेटाचा उद्रेक तर सुमारे ६०० वर्षांपूर्वीचा, माणसांच्या डोळ्यांदेखतचा. जवळच्या मोतुतापू बेटावर त्या राखेत माणसांची आणि कुत्र्यांची पावले उमटून टिकली आहेत.

युरोपीय वसाहत आल्यावर यांतले कितीतरी शंकू रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या खडीसाठी खणले गेले. काही पूर्ण संपले. पण माओरी वंशांनी आपली वंशावळ, आपली गाणी आणि आपले दावे सोडले नाहीत. २०१४ मध्ये कायदा होऊन १४ टेकड्यांची मालकी ऑकलंडच्या १३ माओरी वंश-गटांकडे परत आली. आज त्यांचा कारभार माओरी प्रतिनिधी आणि नगरपरिषद मिळून पाहतात.

आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे. दख्खनच्या लाव्हाच्या काळातली, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, काळ्या बेसॉल्टच्या उभ्या खांबांची ही टेकडी सुमारे ६० मीटर उंच आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला समान अंतरावर तडे जातात आणि बहुकोनी खांब तयार होतात. असे रूप जगात मोजक्याच ठिकाणी बघायला मिळते. भोवतीचा डोंगर दगडखाणींनी खाल्ला. उरला तो एक सुळका, आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. २००७ मध्ये महापालिकेने टेकडीला वारसा दर्जा दिला. आज तिच्या पायाला इमारती भिडल्या आहेत.

या तिन्ही ठिकाणांवरून एक गोष्ट दिसते. खडक किती दुर्मीळ आहे यावरून टेकडी वाचत नाही. तिच्यावर कोणाचा तरी जिवंत हक्क, जिवंत श्रद्धा किंवा जिवंत उपयोग असेल आणि तो बोलून दाखवणारी माणसे असतील, तरच ती वाचते. फोर्ट कॅनिंगवर इस्कंदर शाह या जुन्या राजाचा म्हणून मानला जाणारा दर्गा होता, पुढे किल्ला आला, मग जलाशय आणि उद्यान आले. टेकडीचा माथा कापला गेला तरी ती उभी राहिली. नदीपलीकडच्या टेकडीसाठी कोणी उभे राहिले नाही. ओरांग लाऊत होड्यांसह बाजूला सारले गेले होते आणि त्यांची बाजू मांडायला दरबारात कोणी नव्हते.

सिंगापूरने पुढेही हीच रीत चालू ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माउंट वॉलिच कापून तेलोक आयेरचा किनारा भरला. १९६० च्या दशकात बेडोकच्या टेकड्यांनी पूर्व किनारा पुढे सरकवला. बेटाचे क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होते, ते आता ७३० च्या पुढे गेले आहे. जमिनीची टंचाई असलेल्या देशाला याची गरज होती आणि त्या भरावावर लाखो लोकांची घरे उभी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की कापण्यापूर्वी टेकडीचे थर, तिची नावे आणि तिच्या कथा नोंदवणे फार स्वस्त असते. नंतर ते कोणत्याही किमतीला होत नाही.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या आहेत. सिंगापूरला जाल तेव्हा रॅफल्स प्लेसवरून नदी ओलांडून फोर्ट कॅनिंगवर पायी जा, उत्खननाची जागा पाहा आणि मग राष्ट्रीय संग्रहालयातला तो शिळेचा तुकडा पाहा. सगळे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. आणि आपल्या गावाजवळच्या ज्या टेकडीला आज दगडखाण लागली आहे, तिचे नाव, तिच्यावरच्या देवाचे नाव आणि तिची गोष्ट गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून याच वर्षी लिहून ठेवा. यंत्रे आली की तीन महिनेही लागत नाहीत.